चाकांवरची काकडी

आमच्या घरात सध्या एक शेत फिरतं. सकाळी आठला ते गॅलरीत असतं, बाराच्या सुमाराला हॉलमधल्या खिडकीपाशी येतं, आणि दुपारी चारनंतर कुठे असतं ते पुढे सांगेन. शेत म्हणजे फार मोठं नव्हे. दोन मजले, चार ट्रे आणि खाली चार चाकं. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. चारही ट्रेंत मिळून मातीचा एक कण नाही. तरीही त्यात कोथिंबीर, पालक आणि पुदिना उगवतो, एवढं खरं. शिवाय एक वेल आहे. त्या वेलाचंही पुढेच सांगेन.

मातीविना शेती हे शब्द मी प्रथम उच्चारले तेव्हा आमची ही मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आणि गॅसविना स्वयंपाक कधीपासून?" बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या कुठल्याही योजनेचं घरात असंच स्वागत होतं. पण मी डगमगलो नाही. बाटलीतलं मनीप्लँट आपल्या प्रत्येकाच्या घरात वर्षानुवर्षं होतंच की! पाण्यावर वेल वाढवायची आणि पैसा येईल म्हणून वाट बघायची, ही मातीविना शेतीच. पैसा आला नाही, पण वेल वाढली. म्हणजे शास्त्र खरं होतं, अर्थशास्त्र चुकलं होतं.

अडचण होती ती उन्हाची. आमच्या गॅलरीत सूर्य सकाळी आठला डोकावतो. अकराला समोरची बारा मजली इमारत त्याला गिळते. साडेबाराला तो दोन इमारतींच्या फटीतून हॉलच्या बाजूच्या खिडकीत तास-दोन तास पुन्हा दर्शन देतो. पालेभाजीला दिवसाकाठी निदान चार-पाच तास ऊन हवं. तेव्हा एक तर सूर्य हलवायचा, नाही तर इमारत हलवायची, नाही तर भाजी हलवायची. पहिले दोन ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेत मंजूर होण्यासारखे नव्हते. राहिली भाजी.

तिला चाकं लावावीत ही कल्पना मला अंघोळ करताना सुचली. आर्किमिडीजचंही तसंच झालं होतं म्हणतात. मी मात्र कपडे घालून बाहेर आलो आणि जावयांना फोन लावला. आमचे जावई इतिहासाचे प्राध्यापक. त्यांच्याशी बोलताना मी नेहमी दोनेक हजार वर्षं मागे असतो. पूर्ण ऐकून घेऊन ते शांतपणे म्हणाले, "बाबा, छान कल्पना आहे. रोमनांनी केलंय हे." पेटंटचा विचार मी तिथेच सोडला.

आठवडाभरात त्यांनी पुस्तकं पाठवली आणि मी टिबेरियसच्या नादी लागलो.

टिबेरियस हा रोमचा दुसरा सम्राट. इ. स. १४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो गादीवर बसला. एवढ्या उशिरा बढती मिळालेल्या माणसाचा स्वभाव जसा होतो तसा त्याचा झाला होता: संशयी, घुमा, कुणाशी फारसं न बोलणारा. आमच्या बँकेत असे दोन मॅनेजर होऊन गेले. २६ साली तो रोम सोडून गेला, कॅप्री बेटावर राहू लागला आणि ३७ साली मरेपर्यंत पुन्हा रोममध्ये म्हणून पाऊल टाकलं नाही. मेला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. त्याच्या क्रूरपणाच्या कथा पुष्कळ आहेत. पण या म्हाताऱ्याला एक निरुपद्रवी नादही होता. त्याला काकडी अतोनात आवडायची.

हे आपल्याला सांगतो थोरला प्लिनी. जगात जे जे आहे ते सगळं सदतीस खंडांत लिहून काढणारा हा गृहस्थ ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा तिकडे गेला आणि तिथेच वारला. त्याच्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या खंडात भाजीपाल्याची हकीकत आहे. तिथे तो म्हणतो की, टिबेरियसच्या पानात काकडी नाही असा एकही दिवस जात नसे. त्यासाठी माळ्यांनी काकडीचे वाफे चाकांवर बसवले होते. दिवसा ते उन्हात ढकलत न्यायचे आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांआड आणून ठेवायचे. वैद्यानं सांगितलं म्हणून तो काकडी खायचा, असंही हल्ली कुठे कुठे वाचायला मिळतं. प्लिनी तसं म्हणत नाही. तो आवड म्हणतो. राजाच्या आवडीला वैद्याची चिठ्ठी लागत नाही.

तावदानांचा हा दगडही समजून घेण्यासारखा आहे. काच तेव्हा होती, पण खिडकीला लावण्याइतकी सपाट आणि स्वच्छ काच दुर्मिळच. रोमन लोक त्याऐवजी स्पेनमधून एक दगड आणत. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे निघत आणि त्यातून उजेड आरपार येई. हा दगड म्हणजे एक प्रकारचं स्फटिक जिप्सम. भिंतीच्या प्लॅस्टरमध्ये असतं तेच, फक्त खानदानी. हे जिप्सम लक्षात ठेवा. आमच्या बादलीत ते पुन्हा भेटणार आहे.

प्लिनीच्या थोडं आधी कोलुमेला नावाच्या माणसानंही हीच हकीकत लिहिली आहे. हा मूळचा स्पेनमधल्या काडिझचा. त्यानं इटलीत जमिनी घेऊन शेती केली आणि शेतीवर बारा खंड लिहिले. कुंड्यांखाली लहान चाकं लावली तर काकडी बाहेर काढायला आणि परत आत न्यायला कष्ट कमी पडतात, असं तो सांगतो. पण आधी एक अट घालतो: एवढा खटाटोप परवडत असेल तर. टिबेरियसला काकडी रोज मिळायची असं प्लिनी म्हणतो. कोलुमेला म्हणतो, जवळजवळ वर्षभर. यात दोघांचा स्वभाव दिसतो. ज्यानं फक्त ऐकलेलं असतं तो 'रोज' लिहितो. ज्यानं काकडी लावलेली असते तो 'जवळजवळ' लिहितो.

आणखी एक गंमत जावयांनी फोनवर सांगितली. आपली ही नेहमीची हिरवी काकडी मूळची भारतातली. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते ती टिबेरियसच्या काळात रोमला पोचलेलीच नव्हती. तो जे खायचा ते खरबुजाच्या जातीतलं एक लांबट फळ, कोवळं असताना काकडीसारखं खायचं. "म्हणजे बाबा, आपल्याकडच्या वाळकाचं चुलत भावंड."

"म्हणजे वाळूक?" मी फोनवर मोठ्यानं म्हणालो.

त्याबरोबर आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "वाळूक आणलंस का रे?"

आईचं वय शहाऐंशी. एरवी तिला हाक मारली तर तीनदा मारावी लागते. पण बार्शीकडच्या माणसाला 'वाळूक' हा शब्द भिंतीपलीकडूनही ऐकू येतो.

"नाही गं," मी म्हणालो, "रोमच्या राजाचं बोलतोय." यावर आतून काही उत्तर आलं नाही. रोमच्या राजाशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

आता गाड्याकडे येऊ. मी भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आणल्या. कपाटं, रॅक करतात त्या. नट, बोल्ट, वायसर आणले. जुन्या बाजारातून चार फिरकी चाकं घेतली, दोन-दोन इंचांची, दिसायला गोंडस. दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद असे चार प्लॅस्टिकचे ट्रे घेतले. ट्रेवर तरंगत ठेवायला थर्माकोलचे तक्ते हवे होते. त्यांना भोकं पाडून रोपं बसवायची, मुळं खाली पाण्यात. पण तेव्हा हे तक्ते माझ्याकडे नव्हते, म्हणून मी नुसत्या जाळीवर काम भागवलं. दोन दिवस खपून गाडा उभा केला, ट्रे भरले आणि मोठ्या अभिमानानं हिला हाक मारली.

ती आली, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हा तिरका का उभा आहे?"

चौकोन केला होता, त्याचा समांतरभुज चौकोन झाला होता. कारण साधं होतं, मला ते साठीनंतर कळलं. एका ट्रेत चार इंच पाणी म्हणजे तेवीस लिटर, आणि लिटरभर पाण्याचं वजन किलोभर. हे मी शाळेत पाठ केलं होतं, पण उचललं कधी नव्हतं. चार ट्रे मिळून नव्वद किलोंच्या वर. म्हणजे मी आमच्या सोसायटीच्या चेअरमनना चार गोंडस चाकांवर उभं केलं होतं.

तरीही मी ढकललं. गॅलरी आणि हॉल यांच्यामध्ये सरकत्या दाराचा उंबरा आहे, दीड इंचाचा. चाकं तिथे अडली. गाडा थांबला, पण पाणी थांबलं नाही. ते तसंच पुढे गेलं. हॉल ओलांडून काही सोफ्याखाली गेलं, काही गॅलरीच्या पन्हाळीतून खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर गेलं. त्याच रात्री दुसरा प्रकार. गॅलरीच्या फरशीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, हे मी विसरलो होतो. गाडा विसरला नव्हता. रात्री दोनला काहीतरी घरघरलं आणि धाडकन आवाज झाला. उठून पाहतो तर शेत आपलं आपण चालत जाऊन जाळीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभं.

सकाळी खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पापडांची तक्रार घेऊन वर आले. ते निवृत्त इंजिनियर. तक्रार करायला आलेला इंजिनियर आणि बिघडलेलं यंत्र यांची समोरासमोर गाठ पडली की तक्रार टिकत नाही. दहा मिनिटांत ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. "अहो, तिरप्या पट्ट्या कुठायत? मागे आणि बाजूला एकेक कर्ण टाका, त्रिकोण झाला की हलायचं नाही. जड ट्रे खाली, हलके वर. चाकं चार इंची, रबराची. त्यातल्या दोघांना ब्रेक. आणि उंबऱ्याला दोन्हीकडून फळीचा उतार द्या." हे सगळं त्यांनी एका कागदावर काढून दिलं, आणि शेवटी सवयीनं खाली सही केली.

पाणी हिंदकळतं त्यावर मात्र त्यांनाही पटकन तोड सुचेना. ती सुचवली आईनं, आतल्या खोलीतून. "आम्ही आडावरनं घागर आणायचो तेव्हा वर झाडाचं पान टाकायचो. पाणी उडत नाही." झालं. थर्माकोलच हवं! २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून गणपतीचं जुनं मखर माळ्यावर पडून होतं. त्याचे खांब आणि कमान कापून तक्ते केले आणि पाण्यावर सोडले. पाणी गप्प झालं. तक्त्यानं पाण्यावरचा उजेडही अडला, त्यामुळे शेवाळही कमी झालं. एका पानात दोन कामं झाली.

वजनाची ही डोकेदुखी माझी एकट्याची नव्हती, हे वाचून मला फार बरं वाटलं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईला संत्र्याच्या झाडांचा शौक. व्हर्सायच्या राजवाड्यात त्यानं १६८४ ते १६८६ या काळात त्यांच्यासाठी एक प्रचंड दगडी घर बांधलं. झाडं लाकडी पेट्यांत. हिवाळ्याआधी ती सगळी आत न्यायची, मे महिन्यात बाहेर काढायची. तिथे आजही हजारावर झाडांची ही ये-जा चालू आहे. आपल्याकडे काश्मिरी माणसानं मात्र चाकांची भानगडच ठेवली नाही. दल सरोवरात वेताच्या, पाणगवताच्या मुळ्यांचे जाड थर तरंगत असतात. त्यावर सरोवराच्या तळचा गाळ पसरून तो काकड्या आणि टोमॅटो घेतो. ही तरंगती शेतं नावेनं ओढून नेता येतात, त्यामुळे चोरताही येतात. काश्मीरच्या जमीन-महसुलाचं काम पाहणाऱ्या वॉल्टर लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८९५ च्या आपल्या पुस्तकात शेतचोरीचा उल्लेख केला आहे. आपल्याकडे बांध कोरतात तो किती संथ धंदा! तिथे सकाळी उठावं तर अख्खं शेतच नाही.

गाडा उभा राहिला, आता प्रश्न पिकाच्या पोटाचा. माती नाही, मग रोपानं खायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला माणसाला दोनशे वर्षं लागली, आणि पहिला प्रयोग करणारा मला फार जवळचा वाटतो, कारण तो हिशेबी होता. ब्रसेल्सचा व्हॅन हेल्माँट. त्यानं २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती परत वाळवून तोलली तर ती घटली होती फक्त २ औंस. तेव्हा झाड हे सगळं पाण्याचंच बनतं, असा त्यानं निष्कर्ष काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे छापून आलं. तोल बरोबर, निष्कर्ष चूक. झाडाचा मोठा हिस्सा हवेतल्या कार्बनचा, हे त्याच्या ध्यानात येणं शक्यच नव्हतं. पण ते दोन औंस त्यानं किरकोळ म्हणून सोडून दिले, याचं बँकवाल्याला वाईट वाटतं. ताळेबंदात दोन औंस लागत नसतील तर रात्री नऊपर्यंत बसून शोधायचे असतात! रोपाला लागणारे क्षार त्या दोन औंसांतच होते.

१६९९ मध्ये लंडनच्या जॉन वुडवर्डनं पुदिना वेगवेगळ्या पाण्यांत लावला: पावसाच्या, झऱ्याच्या, थेम्स नदीच्या. जितकं पाणी गढूळ, तितका पुदिना जोमदार. म्हणजे नुसतं पाणी नव्हे, पाण्यात विरघळलेलं काहीतरी झाड खातं. १८६० च्या दशकात झाक्स आणि क्नोप या जर्मनांनी ते 'काहीतरी' एकेक करून मोजलं: नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, चिमूटभर लोह. अमुक इतकं पाण्यात घाला, झाड वाढतं. यादी तयार झाली.

ती यादी घेऊन मी दुकानात गेलो. कॅल्शियम नायट्रेट आणलं, मॅग्नेशियम सल्फेट आणलं, आणि दोन्ही वेगवेगळ्या पाण्यात पातळ करायचं सोडून एकाच लहान बादलीत दाट कालवलं. पाहता पाहता पाणी दुधासारखं झालं आणि तळाशी पांढरा गाळ बसला. जावयांनी आपल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारून निरोप दिला: कॅल्शियम आणि सल्फेट दाट मिसळले की जिप्सम तयार होतं. म्हणजे टिबेरियसच्या खिडकीचाच माल! सम्राटानं तो स्पेनहून आणवला, मी घरच्या घरी तयार केला. फक्त रोपांच्या पोटात जायचं ते तळाला गेलं.

मातीविना शेती प्रयोगशाळेतून बाहेर काढली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी. १९२९ पासून ते तिची जाहिरात करू लागले. टाक्यांत वाढवलेले त्यांचे टोमॅटोचे वेल पंचवीस फूट चढले. १९३७ मध्ये त्यांनी या प्रकाराला 'हायड्रोपोनिक्स' हे ग्रीक नाव दिलं, आणि गावभर बोभाटा झाला. विद्यापीठानं कृती मागितली. गेरिक म्हणाले, हे प्रयोग मी घरी, माझ्या वेळात केलेत, देणार नाही. अखेर त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. घरच्या गॅलरीत खटाटोप करणाऱ्या प्रत्येकानं या माणसाला मनातल्या मनात एक नमस्कार करावा. विद्यापीठानं मग होगलंड आणि आर्नन या दोघांना खरंखोटं करायला सांगितलं. १९३८ मध्ये त्यांनी कृती फुकट छापून टाकली आणि वर शेरा मारला की, उत्तम मातीत जेवढं पिकतं तेवढंच पाण्यात पिकतं, जास्त नाही.

हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मातीचा काही दोष नव्हता तर."

दोष नव्हताच. पण जिथे माती नसते तिथे काय करायचं? दुसऱ्या महायुद्धाआधी पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर विमान कंपनीला प्रवाशांसाठी ताजी भाजी हवी होती. बेट म्हणजे नुसतं प्रवाळ. तिथे भाजी पाण्यावरच वाढवली. युद्ध संपता संपता अमेरिकी हवाई दलानं अटलांटिकमधल्या असेन्शन या ज्वालामुखीच्या बेटावर तेच केलं. आणि १९४६ मध्ये ही विद्या आपल्याकडे आली, कालिंपाँगला. तिथे शोल्टो डग्लस या गृहस्थानं पंप, टाक्या, तारा सगळं काढून टाकलं. खडी आणि वाळू भरलेली साधी कुंडं, वरून कोरडं खत आणि हातानं घातलेलं पाणी. गरिबाला परवडेल अशी ही 'बंगाल पद्धत' त्यानं १९५१ मध्ये पुस्तक लिहून जगाला दिली. टिबेरियसकडून निघालेली काकडी कालिंपाँगला पोचेपर्यंत राजाचा शौक उतरून गरिबाच्या परसात आली होती. कोलुमेलाची अट मात्र तशीच राहिली: खटाटोप परवडत असेल तर.

ही अट आमच्या घरात कोलुमेलाचं नावही न ऐकता हिनं घातली होती. तीन महिन्यांनी एका रविवारी ती वही घेऊन बसली. लोखंड, चाकं दोनदा, ट्रे, मत्स्यालयाचा पंप, क्षार, पापडांची भरपाई. "सहा हजार आठशे. आणि आजवर निघाल्या कोथिंबिरीच्या अकरा जुड्या, पालकाच्या सात. पुदिना सोडून देते. जुडी पडली पावणेचारशेला."

मी ऊन, इमारत, टिबेरियस असं काहीबाही सुरू केलं. तिनं हात वर केला. "ते उन्हाचं जगाला सांगा. पहिल्या दिवशी टेप घेऊन तुम्ही आधी आतल्या खोलीचं दार मोजलंत. गॅलरीतून हॉलमध्येच न्यायचं होतं तर ते दार कशाला मोजलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण मी ते स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तुळशीला पाणी घालायला जाताना त्याच दीड इंचाच्या उंबऱ्याला आई अडखळली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण गॅलरी सुटली. तिची खोली आतली, खिडकी डक्टवर उघडते. तिथून दिसतात चार मजल्यांचे पाइप. गॅलरीत तिच्या नऊ कुंड्या होत्या. तिच्या दवाखान्याच्या धावपळीत त्यांना पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. कुणाच्या म्हणजे माझ्याच. सांगितलं मलाच होतं. घरी आल्यावर तिनं चार दिवस झाडांची चौकशी केली आणि पाचव्या दिवशी बंद केली. ते बंद करणं मला टोचत होतं. नऊ कुंड्या गॅलरीच्या कोपऱ्यात उपड्या पडून होत्या.

ही वही मिटत म्हणाली, "हे पैसे मी भाजीच्या खात्यात धरलेच नाहीत. आईंच्या औषधाच्या खात्यात धरलेत." बँकेत छत्तीस वर्षं काढली, पण इतकी चोख नोंद मला कधी जमली नाही.

तर दुपारी चारनंतर शेत कुठे असतं, ते हे. आतल्या खोलीच्या दाराची रुंदी तीस इंच, गाड्याची सव्वीस. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच. ब्रेक सोडायचा, तिरकं करायचं, पलंगाच्या उशाशी आणायचं, ब्रेक लावायचा. पहिल्या दिवशी आईनं चष्मा लावून तक्त्याखालची मुळं पाहिली. "माती कुठंय ह्याला?" "नसते याला." "मग हे धरून काय राहतं?" "काही नाही." तिनं थोडा वेळ विचार केला, आणि मग खालच्या ट्रेतली कोथिंबीर खुडायला घेतली. पिवळी पानं वेगळी, कोवळी वेगळी. दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच आतून विचारणा झाली, "आज गाडी लेट का?"

आणि तो वेल. बार्शीहून एका नातेवाइकांनी वाळकाच्या बिया पाठवल्या होत्या. वेल गाड्याच्या लोखंडावर सुतळीनं चढवला. चौथ्या मजल्यावर मधमाश्या येत नाहीत, म्हणून मधमाशीचं काम रोज सकाळी मी रंगाच्या ब्रशानं केलं: नराच्या फुलातून मादीच्या फुलात. हे करताना खालचे इंजिनियर एकदा येऊन उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले. फळं धरली तीन. दोन पिवळी पडून गळली. एक राहिलं, वीतभराचं.

परवा ते काढलं. आईच्या पलंगावर ताटली ठेवून तिनंच विळी मागवली, मी सुरी दिली. चिरता चिरता तिला टिबेरियसची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. म्हातारा राजा, बेटावर एकटा, रोज वाळूक खायचा, वाफे चाकांवर, ऊन आलं की बाहेर, थंडी पडली की आत. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आणि ते गाडे ढकलायचं कोण?"

"माळी. राजाचे माळी म्हणजे बहुतेक गुलामच."

"त्यांना मिळायचं का रे वाळूक?"

प्लिनीनं सदतीस खंड लिहिले. त्यांत राजाची आवड आहे, चाकं आहेत, तावदानाचा दगड आहे. ढकलणाऱ्यांची नावं नाहीत आणि त्यांच्या जेवणाची चौकशीही नाही. मी तसं सांगितलं.

आईनं वाळकाचे दोन भाग केले, मिठाचा हात लावला आणि मोठा भाग माझ्या हातावर ठेवला.

"घे," ती म्हणाली, "रोज ढकलतोस."